श्वास घेणारी हिरवळ

सकाळी गॅलरीत आली तेव्हा तिला वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच कुणाच्या तरी घरात जागं झालो आहोत. खाली कालचं मैदान नव्हतं. म्हणजे मैदान तिथंच होतं, पण रात्रीतून कुणीतरी त्याच्यावर हिरवा रंग सांडला होता आणि तो पसरत पसरत बिल्डिंगच्या पायऱ्यांपर्यंत आला होता. काल जिथं खडी, मोडक्या विटा आणि कुणाचं तरी कुजलेलं सोफ्याचं कुशन होतं, तिथं आता मऊ, सपाट, एकसारखी हिरवळ. चार माणसं गालिचा उलगडावा तशी तिची शेवटची गुंडाळी उलगडत होती. कडेनं कुंड्या उभ्या होत्या, कुंड्यांत झाडं होती, झाडांना फुलं होती, आणि एक माणूस त्या फुलांवरची धूळ फडक्यानं पुसत होता.

तिनं डोळे चोळले. तिच्या डोळ्यांवर तसा तिचाच भरवसा उरला नव्हता. भिंगरीला आठवडाभर खोकला होता. भिंगरी म्हणजे तिची चार वर्षांची लेक, जागेपणी एका जागी ठरेल तर शपथ, म्हणून घरात सगळे तिला भिंगरीच म्हणत. लेक झोपली की आई जागी, हा नेम बाळंतपणापासून चालत आला होता. इवलंसं पोट खाली-वर होतंय ना, हे बघत बसायची. डॉक्टर हसून म्हणाले होते, "आता पुरे करा, श्वास तिचा तिला घेता येतो." हिला ते पटलं होतं. तरी बघत बसायची. त्यामुळे दिवसा सगळं जग तिला पाण्याखालून पाहिल्यासारखं जरा हलतं, जरा लांबचं दिसायचं.

"अगं, बघितलंस का?" सासूबाई मागून येऊन कठड्याला टेकल्या. "बाग झाली! रात्रीत! आणि तू म्हणायचीस, हे लोक काही करत नाहीत."

"आई, ती प्लास्टिकची आहे."

"असू दे. पाणी घालायला नको." सासूबाईंचं समाधान असं कशानंही ढळायचं नाही. "साहेब येणार आहेत ना आज उद्घाटनाला. आपल्या भिंगरीच्या बालवाडीची पोरं फुलं घेऊन धावत जाणारेत. बाईंचा निरोप आलाय, गुलाबी फ्रॉक घाला म्हणून."

धावत. तो शब्द तिच्या कानात अडकून बसला.

कारण त्या हिरवळीखाली कुठंतरी खड्डा होता.

खड्डा म्हणजे गटाराचं उघडं तोंड. वर्षापूर्वी पाइप टाकायला आले, पाइप टाकून गेले, आणि झाकण टाकायचं काम दुसऱ्या खात्याचं आहे असं सांगून गेले. दूधवाला एकदा सायकलसकट त्यात घसरला होता, सायकल आडवी अडकली म्हणून कमरेवरच थांबला. चार जणांनी ओढून काढल्यावर त्यानं आधी किटली उचलली आणि मग रडला. तेव्हापासून ती तक्रारी करत होती. आणि झाकण आलं नव्हतं असंही नाही. टेम्पोतून आलं, दोघांनी खड्ड्यावर ठेवलं, तिसऱ्यानं फोटो काढला, दोघांनी ते परत टेम्पोत घातलं.

"अहो, नेताय कुठं?" ती गॅलरीतून ओरडली होती.

"पुढच्या गल्लीत, ताई. तिथला पण फोटो काढायचाय ना."

असं तीन वेळा झालं. सगळ्या शहरात बहुधा झाकण एकच होतं आणि ते मानाच्या पाहुण्यासारखं गल्लोगल्ली फिरत होतं. प्रत्येक वेळी तिच्या फोनवर एका बाईचा आवाज यायचा, आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे, आपण समाधानी असाल तर एक दाबा. समाधानी नसाल तर काय दाबायचं, ते त्या बाईला कुणी शिकवलंच नव्हतं.

शेवटी तिनं आपलं आपणच केलं. एक वाळकी फांदी खड्ड्याच्या कडेला मातीत खोचली आणि तिला भिंगरीचा जुना लाल स्वेटर बांधला. कित्येक महिने तो स्वेटर तिथं वाऱ्यावर हात हलवत उभा होता. साफसफाईत आज तो गेला.

"आई, हिला खाली सोडू नका. मी आलेच."

"अगं पण चहा—"

ती जिना उतरत होती.

तळमजल्यावर शिंपीकाकांचं दुकान. काका दारातच मशीनवर बसून कुणाच्या तरी पँटची कंबर सैल करत होते. त्यांचं सगळ्या जगाबद्दलचं मत कापडातूनच निघायचं.

"या, बागेत फिरायला निघालात?" काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "बघा, तीन वर्षं बागेचा पैसा मंजूर होतोय. सरकारी पैसा वरून निघतो तेव्हा ठाणभर असतो. वाटेत जो तो आपल्या मापाचं कापून घेतो. आपल्यापर्यंत येतो तेव्हा एक काज करण्यापुरता उरतो. यंदा निदान बाग गालिचाभर आलीय. तीसुद्धा भाड्यानं."

"काका, खड्डा कुठंय?"

"म्हणजे काय, तिथंच—" काकांनी बोट उचललं. आणि ते बोट हवेत तसंच राहिलं. डावीकडे गेलं, उजवीकडे आलं, मग खाली उतरलं. "अरेच्चा."

तेच तर होतं. खड्डा कचराकुंडीच्या अलीकडे होता, आणि कचराकुंडी उचलली होती. वाकड्या दिव्याच्या समोर होता, आणि दिव्याचा खांब सरळ करून दुसरीकडे रोवला होता. पडक्या भिंतीच्या कोपऱ्याच्या रेषेत होता, पण ती भिंत आता कापडाच्या पडद्याआड होती आणि पडद्यावर डोंगर, धबधबा आणि दोन हरणं होती. वर्षभर जी जागा तिला झोपेतही सापडली असती, ती कुणी खूण पुसावी तशी पुसली गेली होती.

ती हिरवळीवर आली. चप्पल काढली. का काढली, ते तिचं तिलाही कळलं नाही. पायाखाली प्लास्टिकची पाती मऊ होती, कोवळ्या उन्हानं कोमट झालेली. मैदान एवढं मोठं कधी वाटलं नव्हतं. दूर मंडपवाले खुर्च्या मांडत होते, आणि त्यांचे आवाज कापसातून आल्यासारखे येत होते. ती एकेक पाऊल चाचपून टाकत होती. आधी अंगठा, मग चवडा, मग भार. भिंगरी चालायला शिकली तेव्हा अशीच टाकायची. इथं? नाही. इथं? इथं घट्ट. मनात आलं, इतकं सुंदर झालंय सगळं, कदाचित खड्डाही गेला असेल. कदाचित रात्री खरंच कुणाला तरी लाज वाटली असेल.

एवढ्यात तिला ते दिसलं.

वारा नव्हता. पडद्यावरची हरणं स्तब्ध होती, कुंड्यांतलं पान हलत नव्हतं. पण चार पावलांवर हिरवळीचा एक गोल तुकडा हलकेच वर आला. क्षणभर थांबला. आणि तितकाच हलकेच खाली बसला. पुन्हा वर. पुन्हा खाली.

ती तिथंच गुडघ्यांवर बसली. हे तिला ओळखीचं होतं. कितीतरी वेळ अंधारात हेच तर बघत बसायची ती. हिरवळ श्वास घेत होती. पोटभर दूध पिऊन निजलेल्या बाळासारखी, अगदी शांत. आत कुठंतरी पाणी ढकललं जात होतं आणि त्यानं कोंडलेली हवा वर येऊन या हिरव्या पोटाला उचलत होती. कुणाला दिसलं नसतं. दिसलं असतं तरी कळलं नसतं.

तिनं जवळची शिवण शोधली आणि हिरवळीची कड उचलली.

खाली साहेब होते.

साहेबांचा हसरा चेहरा, गालापासून गालापर्यंत. मागच्या निवडणुकीचं फ्लेक्सचं पोस्टर. कामगारांना खड्ड्यावर पसरायला दुसरं काही मिळालं नसावं. चार कोपऱ्यांवर चार विटा ठेवून ते ताणलं होतं, आणि खालच्या हवेनं साहेबांचे गाल फुगत होते आणि बसत होते. हनुवटीखाली लिहिलं होतं, आम्ही सदैव आपल्या पाठीशी. तिला हसू आलं, आणि लगेच विरलं. बालवाडीची पोरं त्या टोकाकडून या टोकाकडे धावणार होती.

"ओ मॅडम! मॅडम, ते उचलू नका!" कंत्राटदार लगबगीनं आला. पांढरा शर्ट, हातात दोन फोन, आणि एका फोनवर कुणीतरी बोलतच होतं. "शिवण उसवली तर भाडेवाला माझी कातडी सोलेल."

"इथं खड्डा आहे."

"कुठला खड्डा?"

"हा. तुमच्या साहेबांच्या तोंडाखाली."

कंत्राटदारानं फोन खिशात घातला आणि समजुतीचा सूर लावला. "हे बघा ताई, तुम्ही शिकलेल्या दिसता. हा खड्डा बुजवलेला आहे. एकदा नाही, तीनदा. फोटो आहेत."

"मग हे काय आहे?"

"हे साहेब आहेत."

"इथं पोरं धावणार आहेत हो! निदान दोरी लावा. एक फळी टाका."

"फळी टाकली की कुणीतरी विचारणार, फळी कशाला? आणि खड्डा आहे म्हणालो, की मग तीनदा बुजवलं कोणी?" त्यानं आवाज खाली आणला. तो खरोखर काकुळतीला आला होता. "माझं पोट आहे ताई यावर. अहो, दोन तासांचा प्रश्न आहे. संध्याकाळी गुंडाळून नेतो सगळं. मग तुमचा खड्डा तुम्हाला."

तिला रडू येईल असं वाटलं. रडू आलं असतं तर बरं झालं असतं. पण झोप नसली की रडूही अर्ध्यातच थांबतं. ती उठली, मंडपातल्या रांगेतून एक खुर्ची उचलून घेऊन आली, आणि त्या श्वास घेणाऱ्या गोलाच्या अगदी कडेला मांडून तिच्यावर बसली.

"हे काय?"

"बसलेय."

"इथं?"

"बाग नागरिकांसाठी आहे ना? मी नागरिक."

त्यानं विनवलं, आवाज चढवला, कुणाला तरी फोन लावला, पुन्हा विनवलं. ती बसून राहिली. ऊन वर चढलं. माणसं जमू लागली. कुणी म्हणालं नवस असेल, कुणी म्हणालं तिकीट मागतेय. गॅलरीतून सासूबाईंनी पाहिलं आणि गुलाबी फ्रॉकमधल्या भिंगरीला घट्ट धरून त्या तरातरा खाली आल्या.

"काय मांडलंयस हे? लोक बघतायत! घरात कणीक भिजवायची पडलीय आणि सूनबाई बागेत खुर्ची टाकून!"

"आई, जरा खाली बघा. तिथं. नुसतं बघा."

सासूबाईंनी रागारागानं पाहिलं. हिरवळ वर आली. हिरवळ खाली गेली. सासूबाईंचं तोंड उघडं राहिलं. मग त्यांनी ते मिटलं. मग त्यांनी भिंगरीचा हात आपल्या पदरात गुंडाळला आणि कंत्राटदाराकडे वळल्या.

"अजून एक खुर्ची आण रे."

"आजी, तुम्ही तरी—"

"आण म्हणते ना! गुडघे दुखतात माझे."

अशा त्या दोघी बसल्या, गोलाच्या दोन बाजूंना. कंत्राटदार दोन्ही फोनवर एकदम बोलत मंडपाकडे पळाला.

साहेब आले ते गाड्यांच्या रांगेतून, पांढरेशुभ्र, पोस्टरपेक्षा बारीक आणि म्हातारे. फीत कापली गेली, टाळ्या झाल्या. बालवाडीच्या बाईंनी हात खाली केला आणि पोरं सुटली. रंगीबेरंगी, किंचाळत, फुलं सांडत ती हिरवळीवरून धावत आली. तिला ती धावताना नाही, तरंगताना दिसली. ती उभी राहिली आणि तिनं दोन्ही हात पसरले. "तिकडून! बाळांनो, तिकडून!" सासूबाईंनी दुसऱ्या बाजूला एका हातानं भिंगरीला धरून दुसऱ्यानं पदर पसरला. "ए, वळा रे! वळा!" पोरांचा लोंढा दगडाला पाणी वळसा घालतं तसा दोन्ही खुर्च्यांना वळसा घालून पुढे गेला. शेवटचं एक गुबगुबीत पोर तिच्या गुडघ्याला आपटलं, वर बघून हसलं आणि फूल तिलाच देऊन पळालं.

ती पुन्हा खुर्चीवर बसली. संपलं होतं. संध्याकाळी गुंडाळी होणार होती. खड्डा उघडा का होईना, पुन्हा दिसणार होता.

साहेब मात्र तिच्याकडेच येत होते.

"काय ताई, उठत नाही म्हणे तुम्ही इथून?" आवाज मायाळू होता. सवयीनं झालेला मायाळू.

तिनं वाकून हिरवळीची कड उचलली. साहेबांनी पाहिलं. खालचे साहेब फुगले आणि बसले. वरचे साहेब बराच वेळ बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग आला नाही, शरमही आली नाही. जुन्या वर्गमित्राला बाजारात बघावं तसं काहीसं आलं.

"केस किती काळे होते," ते हळूच म्हणाले. मग कड त्यांनीच खाली सोडली, हात झटकले आणि माइक मागवला.

"बंधूंनो आणि भगिनींनो! या आमच्या भगिनी. यांना ही बाग इतकी आवडली, की सकाळपासून या इथून हलल्या नाहीत! मला सांगितलं गेलं, की ही हिरवळ आजच्यापुरती आहे. मी म्हणतो, का? अशा भगिनींच्या पायाखालची हिरवळ आम्ही काढून घ्यायची? नाही! ही इथंच राहील. कायमची!"

टाळ्यांचा असा पाऊस पडला की कबुतरं उडाली. कंत्राटदार मात्र भाड्याच्या गालिच्याकडे असा बघत होता, जसं कुणी त्याच्या लग्नाचं सामान दान करून टाकलंय. साहेब समोरच्या बिल्डिंगमध्ये कुणाकडे तरी चहाला गेले. बाईंनी टाळी वाजवली आणि पोरांना सांगितलं, "खेळा आता!"

कायमची.

तिला एकदम सगळे दिवस दिसले. उद्याचा, परवाचा, शाळेला सुट्टी असेल तो, ती बाजारात गेली असेल तो, सासूबाईंचा डोळा लागला असेल तो. प्रत्येक दिवशी हिरवंगार मैदान आणि त्यात कुठंतरी ते शांत खाली-वर होणारं पोट. जन्मभर काही खुर्ची टाकून बसता येणार नव्हतं.

फितीची कात्री तबकात तशीच होती. ती गेली आणि घेऊन आली. गुडघे टेकून तिनं हिरवळीत पातं घातलं. सोनेरी मुठीची, चकचकीत कात्री पानांवरून नुसतीच घसरली. ती फितीपुरतीच होती.

"काका!" तिनं हाक मारली. "तुमची कात्री द्या!"

शिंपीकाकांनी कापडाची मोठी काळी कात्री आयुष्यात कुणाच्या हाती दिली नव्हती. बायकोच्यासुद्धा नाही. ते आले, गर्दीतून वाट काढत, आणि मूठ तिच्याकडे करून त्यांनी ती पुढे धरली. "आडवी धरा. ओढू नका, चालू द्या तिला."

"ताई, काय करताय?" कंत्राटदार धावला. "खाली साहेब आहेत! साहेबांचा चेहरा कापणार तुम्ही?"

कात्री चालू लागली. कर्र, कर्र. हिरवळ आणि तिच्याखालचा चेहरा, दोन्ही एकाच वेळी कापले जात होते. एक कान गेला, मग काळेभोर केस गेले, मग ते सदैव पाठीशी असलेलं वाक्य मधोमध तुटलं. पोटाचा श्वास आता थेट तिच्या चेहऱ्यावर येत होता, गार, ओलसर, मातीच्या वासाचा. शेवटचा टाका सुटला, आणि हिरवा गोल आपल्या वजनानं खाली गेला. आत पाण्यावर काही पडल्याचा आवाज झाला. उशिरानं झाला.

तेवढा आवाज सगळ्यांनी ऐकला.

"अगं बाई," बालवाडीच्या बाई म्हणाल्या. "केवढा खोल!" त्यांनी दोन्ही हात छातीशी धरले होते. त्या पोरं मोजू लागल्या, पुन्हा पुन्हा मोजू लागल्या.

"खुर्च्या आणा," ती म्हणाली. सासूबाईंनी स्वतःची आणली. शिंपीकाकांनी दोन आणल्या. मग कुणी सांगायची गरज राहिली नाही. खड्ड्याभोवती पाठी आतल्या बाजूला करून खुर्च्यांचं कडं झालं, आणि काकांनी मापाच्या पट्टीनं त्यांचे पाय एकमेकांना बांधून टाकले.

मंडपवाला कळवळला. "अहो, खुर्च्या भाड्याच्या आहेत!"

"साहेबांना सांग ना," सासूबाई म्हणाल्या, "म्हणावं, त्यांनाही कायमच्या करा."

कोणीतरी फुसकन हसलं, आणि मग सगळेच हसले. कंत्राटदारसुद्धा. कंत्राटदार हसता हसता एका खुर्चीवर बसला आणि त्यानं दोन्ही फोन बंद केले.

भिंगरी केव्हाची आजीच्या पदरात वळवळत होती. "आई, मी जाऊ? जाऊ ना?"

ती कात्री मांडीवर घेऊन हिरवळीवर बसली होती. उन्हानं डोळे जड झाले होते. खड्डा समोर होता, काळा, उघडा, खुर्च्यांच्या पायांमधून स्पष्ट दिसत होता, आणि त्याच्याकडे बघून तिला एक विचित्र शांतता वाटत होती. घरात, शाळेत, रस्त्यावर अजून किती जागा अशा श्वास घेत असतील, कोण जाणे. पण ही एक तरी आता झोपेचं सोंग घेत नव्हती.

"तो खड्डा दिसतोय ना तुला?" तिनं विचारलं.

"हो. मोठ्ठा."

"मग जा."

तिनं आजीच्या पदरातून भिंगरीचा हात सोडवला आणि मग स्वतःही सोडला. पोर सुटली, गिरक्या घेत, गुलाबी, हिरवळीवरून दूर दूर जात राहिली. खुर्च्यांपाशी आल्यावर क्षणभर थबकली, आत डोकावून न पाहता लांबून वळसा घालून पुढे गेली. आई बघत होती. मग हळूहळू, कोमट प्लास्टिकच्या पात्यांवर हात टेकून, ती आडवी झाली. सासूबाई काहीतरी म्हणाल्या, कणकेबद्दल असावं. तिला पुढचं ऐकू आलं नाही.